लिब्रेऑफिस रायटर : छपाईच्या कसोटीवर

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल मी काही वर्षांपासून लिब्रेऑफिस रायटर या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये तयार करतो. घरचा संगणक लिनक्सवर चालतो, संस्थेच्या कार्यालयातला विंडोजवर आणि खजिनदारांकडे मॅक आहे. त्यामुळे एकच फाइल तीन प्रणालींतून फिरून मग कागदावर उतरते. रायटर मोफत आहे आणि तिन्हींवर चालतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या छपाईविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

गेल्या वर्षी घरी २४ पानांत नेमका बसलेला अहवाल झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर २६ पानांचा झाला आणि जमाखर्चाच्या तक्त्यातील शेवटची, ‘एकूण’ची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन पडली. दुकानदाराने प्रिंटरला दोष दिला आणि मी दुकानदाराला. प्रत्यक्षात चूक माझीच होती. मजकूर मी लोहित मराठी या फॉन्टमध्ये लिहिला होता. तो त्या संगणकावर नसल्यामुळे रायटरने दुसरा देवनागरी फॉन्ट लावला आणि त्याच्या ओळींची उंची अधिक असल्याने पाने वाढली. रायटरने हे लपवलेही नव्हते : फॉन्ट उपलब्ध नसेल, तर वरच्या पट्टीतील त्याचे नाव तिरप्या अक्षरांत दिसते. तिकडे पाहण्याची सवय मला नव्हती.

इंग्रजी मजकुराला हा त्रास कमी होतो, कारण कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ हे अगदी त्याच रुंदीचे फॉन्ट रायटरसोबतच मिळतात. मंगल या देवनागरी फॉन्टला असा जुळा भाऊ नाही. म्हणून मराठी फाइल दुसऱ्याकडे पाठवताना ‘फाइल’ मेनूतील ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा, किंवा सरळ पीडीएफ करून द्यावी. पुढे काही दुरुस्ती व्हायची नसेल, तर मी पीडीएफच देतो.

जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र रायटरला मोकळ्या मनाने दाद द्यायला हवी. २०१७ मध्ये आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून तिन्ही प्रणालींवर अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ ही एकच यंत्रणा करते. फॉन्ट तोच असेल, तर ‘दऱ्या’मधला र किंवा ‘कर्त्या’वरचा रफार विंडोजवर जसा दिसतो तसाच मॅकवर दिसतो आणि तसाच छापला जातो.

कागदाचा आकार हा दुसरा हमखास घोटाळा आहे. प्रणालीची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल, तर नवी फाइल लेटर आकाराची उघडते. हा कागद ए४ पेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड आणि ६ मिलिमीटर रुंद असतो. आकार फाइलच्या पान-शैलीत आणि प्रिंटरच्या मांडणीत, अशा दोन्ही ठिकाणी तपासावा, कारण एकीकडे लेटर आणि दुसरीकडे ए४ असले, की प्रिंटर कागद मागत थांबून राहतो किंवा समास कापले जातात. मधेच कोरी पाने निघत असतील, तर छपाईच्या खिडकीतील आपोआप आलेली कोरी पाने छापण्याची खूण काढावी. प्रिंटर बदलताच ओळी सरकत असतील, तर रायटरच्या सेटिंग्जमधील ‘कंपॅटिबिलिटी’मध्ये प्रिंटरच्या मापांनुसार मांडणी करण्याचा पर्याय चुकून चालू राहिला आहे का, ते पाहावे. हे पर्याय एका जागी नाहीत. एक इथे, दुसरा तिथे. रायटरचे काही गुण मी कापतो ते याच विखुरलेपणासाठी.

काहीच छापले जात नसेल, तर आधी साध्या टेक्स्ट एडिटरमधून एक ओळ छापून पाहावी. तीही निघाली नाही, तर दोष रायटरच्या पलीकडचा असतो. विंडोजवर प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी सेवा थांबवून अडकलेली कामे काढून टाकावीत आणि ती पुन्हा सुरू करावी. लिनक्स आणि मॅक या दोहोंत कप्स ही छपाईव्यवस्था असते. लिनक्सवर ब्राउझरमध्ये localhost:631 या पत्त्यावर रांगेतील कामे दिसतात आणि रद्दही करता येतात. मॅकवर हे पान आधी टर्मिनलमधून सुरू करावे लागते, तेव्हा तिथे प्रणालीच्या सेटिंग्जमधली प्रिंटरची यादी उघडणेच सोयीचे. एडिटरमधून ओळ निघाली आणि रायटरमधून निघाली नाही, तर ‘हेल्प’ मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मूळ सेटिंग्जवर, रायटर पुन्हा उघडावा. बिघडलेले एखादे एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) किंवा सेटिंग कारणीभूत असेल, तर तिथे लगेच कळते.

यंदाचा अहवाल मी पीडीएफ करून त्याच दुकानात दिला. २४ पाने निघाली आणि ‘एकूण’ आपल्या तक्त्यातच राहिले.