पुरात सामान हलवायचा टेंपो, सांगली (कर्नाळ रोड ते विश्रामबाग): रेट, सर्व्हिस आणि अनुभव

हॉटेलचे रिव्ह्यू लिहितात, मोबाईलचे लिहितात, टेंपोवाल्याचा कोण लिहीत नाही. पण जुलै-ऑगस्टमधे आमच्या भागातल्या माणसाला हॉटेलपेक्षा टेंपोवालाच जास्त लागतो, म्हणून लिहितेय. कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांनी नीट वाचा. विश्रामबागवाल्यांनी नुसतं गेट उघडं ठेवा, तुमच्याकडंच येतोय आम्ही.

तर टेंपो म्हणजे छोटा हत्ती, मागं ताडपत्री, चालवणारे मामा पन्नाशीच्या पुढचे आणि हमाल म्हणून त्यांचा भाचा. रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढं येईलच.

फोन लावला की मामा पत्ता विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "गटार कुठल्या बाजूला वाहतीय?" मला आधी कळेना हा माणूस काय बोलतोय, मग लक्षात आलं. आमच्याकडं पूर काय लाटेसारखा धो धो येत नाही ओ, आधी नाल्यातनं आणि गटारीतनं मागं फुगत येतो. रस्ता कोरडा दिसतो आणि कोपऱ्यावरच्या चेंबरमधनं बुडबुडे यायला लागलेले असतात. गटार उलटी वाहायला लागली असं सांगितलं की मामा म्हणतात "मग लगेच येतो", आणि सुलटी असली तर "सकाळी सहाला येतो, रात्री सगळं बांधून ठेवा". न्यूजवाले आयर्विनला (कृष्णेवरचा पूल, तिथंच पाणी मोजतात) 38 फूट झालं, 39 झालं ओरडत असतात, पण आयर्विनच्या फुटावरनं तुमच्या उंबऱ्याचा हिशोब प्रत्येकाला जमतोच असं नाही, आणि मामांना तो गल्लीवार पाठ आहे. 40 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 45 म्हणजे धोका पातळी हे शाळेतल्या पोरांनाही माहितीय इथं, पण कुठल्या गल्लीत टेंपो कुठपर्यंत आत जातो, कुठं वळत नाही, कुठनं रिव्हर्सच घ्यावा लागतो, हे माहिती असणं वेगळं.

बाहेरच्यांना एक गोष्ट पटत नाही, पुण्याची नणंद तर दरवेळी विचारते, "अगं तुमच्याकडं पाऊसच नाहीये, पूर कसला?" बरोबर आहे तिचं, सांगलीत कधी कधी ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. पाऊस पडतो तिकडं महाबळेश्वर, नवजा, कोयनेच्या बाजूला. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, तिथनं खाली आमच्याकडं. धरणातनं सोडलेलं पाणी इथं पोचायला साधारण दिवस-दीड दिवस जातो. खाली हरिपूरला वारणा भरून आलेली असली की कृष्णेला पुढं जायला वाट मिळत नाही, पाण्याला फुग येते. मग चहाच्या टपरीवर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरनं भांडणं चालू. असो. मुद्दा काय, की तो दिवस-दीड दिवस म्हणजेच तुमचा टेंपोचा वेळ. कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी फोन करायचा, दुसऱ्या दिवशी सगळी सांगली मामांना फोन करत असते.

आता आमच्या घरची अडचण म्हणजे आण्णा, माझे सासरे. आण्णांचं म्हणणं कायम एकच, "एवढ्यात काय येत नाही पाणी." 2005 ला आयर्विनला 53 च्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्या भिंतीवर जिथपर्यंत आलं तिथं त्यांनी ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवलेली. आणि 2019 ला सगळ्यांनी त्या रेघेवर भरवसा ठेवून सामान वर चढवलं, आम्हीच नाही, अख्ख्या गल्लीनं. टीव्ही टेबलावर, टेबल दिवाणावर, गव्हाची पोती माळ्याच्या खालच्या फळीवर. पाणी गेलं 57 च्या वर. रेघ बुडाली, दिवाण तरंगला, पोती भिजून फुटली आणि तो आंबूस वास दिवाळीपर्यंत गेला नाही. 2021 ला परत 55 च्या घरात. तेव्हापासनं सामान वर चढवायचं नाही, सामान बाहेर काढायचं असा आमच्यात ठराव झाला. म्हणजे आमच्या ह्यांनी केला, आण्णांनी त्यावर सही केलेली नाही अजून.

यंदाही तेच. पाणी चढतंय, गटार उलटी फिरलेली, आणि आण्णा खुर्चीत पेपर उघडून बसलेले. मी मामांना हळूच सांगितलं, की आमचे आण्णा उठणार नाहीत. मामा आत आले, काही बोलले नाहीत, सगळं सामान भरून झाल्यावर आण्णांच्या समोर उभं राहून म्हणाले, "आण्णा, खुर्ची पण न्यायचीय." आणि आण्णा उठले ओ! आम्ही चार वर्षं डोकं फोडत होतो.

आधी एका अॅपवरनं टेंपो बुक करून बघितला होता, नाव घेत नाही. बुकिंग झालं, रेट नेहमीच्या तिप्पट दाखवला, तो पण मान्य केला. ड्रायव्हरचा फोन आला, "कुठं यायचंय?" कर्नाळ रोड म्हटल्यावर पलीकडनं शांतता आणि मग कॅन्सल. दुसरा पण तसाच. त्यांचं पण बरोबर असेल, पाण्यात गाडी बंद पडली तर कोण देणार, पण मग अॅपवर तो भाग दाखवताच कशाला? मामांनी नेहमीच्या दिवशी जेवढे घेतात त्याच्यावर पाचशे जास्त घेतले, हमाली वेगळी, आणि पैसे काय ते माल भरायच्या आधी तोंडावर सांगितले. पुरात त्याच अंतराला काहीजण वाट्टेल ते मागतात, ते बघता हे वाजवीच.

सामान भरायची पद्धत हे खरं कौतुकाचं. सिलेंडर पहिल्यांदा, केबिनच्या मागं उभा, दोरानं आवळून. फ्रिज उभाच, आडवा करायचा नाही, आणि नेऊन ठेवला की लगेच चालू करायचा नाही, तीन-चार तास तसाच राहू दे म्हणून दोनदा बजावलं. वॉशिंग मशीनच्या पाइपमधलं पाणी काढून मग उचललं, नाहीतर सगळं हौद्यात सांडतं. लोखंडी कपाट रिकामं करायला लावलं. मला कंटाळा आलेला, म्हटलं असूदे की भरलेलं, तर म्हणाले "वैनी, भरलेलं कपाट उचललं की पाय वाकतोय, मग आयुष्यभर खाली पुठ्ठा घालत बसताय." कपड्यांची गाठोडी साड्यांत बांधून भांड्यांच्या मधे मधे कोंबली, म्हणजे भांडी वाजत नाहीत आणि कपड्यांना वेगळी जागा लागत नाही. गाद्या सगळ्यात शेवटी, आणि फाळका लावायच्या आधी त्याच्यावर प्लॅस्टिक. शेगडी मात्र चहा झाल्याशिवाय हलवू देत नाहीत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये, त्या चहामुळं शेजारच्या काकूंनाही पाच मिनिटं बसायला मिळालं.

काकूंचं सांगायचं राहिलं. शेजारच्या काकू एकट्याच असतात, मुलगा बेंगलोरला, तो फोनवरनं "आई निघ, आई निघ" करत होता, पण निघायचं कशात? मग त्यांचं पण सामान आमच्याच टेंपोत घेतलं. मामांनी दोन घरांचं भाडं मागितलं नाही, फक्त भाच्याचे दोनशे वाढवले. जागा मात्र कमी पडली. आमचा दिवाण राहिला आणि काकूंचं तुळशीवृंदावन राहिलं. तुळस कुंडीसकट काकूंच्या मांडीवर, लोणच्याची बरणी आमच्या आईंच्या मांडीवर, आणि दोघी केबिनमधे मामांच्या शेजारी. मागनं आम्ही स्कूटरवर. पुष्पराज चौकात ट्रॅफिक जाम, कारण अर्धं गाव सामान घेऊन बाहेर पडतंय आणि अर्धं गाव पाणी बघायला आयर्विनकडं चाललंय, वर पोरंबाळं घेऊन, कणसं खात. ह्यांना कोण सांगणार की बाबांनो रस्ता मोकळा ठेवा.

विश्रामबागला मावशींच्या पार्किंगमधे सगळं उतरवलं आणि मग खरी गंमत. दोन घरांची स्टीलची भांडी एकात एक अडकलेली. सारखेच डबे, सारख्याच परातींचा ढीग, कुणाचं काय? आई आणि काकू दोघी पार्किंगमधे खाली बसल्या आणि एकेक भांडं उजेडात धरून त्याच्यावर घातलेलं नाव वाचायला लागल्या. "ही तुमच्या बारशाची." "हे पातेलं आमच्या वास्तुशांतीचं." "ही परात कुणाच्या लग्नातली हो, अक्षरंच पुसलीत." एका डब्यावर दोघींचं पण नाव नाही, तिसऱ्याच घराचं. तो डबा बहुतेक 2021 ला कुणाच्या तरी टेंपोतनं आमच्याकडं आलेला असणार. मामा तिथंच थांबले होते, पैसे द्यायचे होते म्हणून नाही, पैसे दिलेले, त्यांना पण बघायचं होतं कुठलं भांडं कुणाचं निघतंय. मधेच म्हणाले, "आवो, तो डबा असूदे तसाच, मी गल्लीत विचारतो." आणि खरंच घेऊन गेले.

आता वाईट बाजू. ताडपत्रीला भोकं आहेत. दोन तर एवढी की हात जाईल. मी दाखवलं तर म्हणाले पूर ओसरला की बदलतो, पण ताडपत्री पुरातच लागते ना? आमच्या एका गादीचा कोपरा भिजला, प्लॅस्टिक होतं म्हणून निभावलं. तेव्हा तुमची तुम्ही जाड प्लॅस्टिकची शीट आणून ठेवा, पावसाळ्याच्या आधी, नंतर बाजारात मिळत नाही नाहीतर डबल भाव. दुसरं म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या वर सामान चढवत नाहीत. लिफ्ट असली तरी नाही, कारण पुरात लाईटचा भरवसा नाही आणि कपाट घेऊन मधेच लिफ्ट अडकली तर काय, हे त्यांचं म्हणणं. मावशींचं पार्किंग होतं म्हणून आमचं भागलं, ज्यांचे पाहुणे चौथ्या मजल्यावर आहेत त्यांनी वरचे हमाल वेगळे बघायचे. तिसरं, बिल मिळत नाही. कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून देतात, त्याच्यावर तारीख पण नसते.

परतीचं बुकिंग हा सगळ्यात मोठा वांदा. जाताना लोक दोन-तीन दिवसांत थोडे थोडे निघतात, पाणी उतरलं की मात्र सगळ्यांना एकाच सकाळी घरी जायचं असतं. मामांचा फोन दिवसभर बिझी. आमचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला आणि तोपर्यंत मावशींच्या पार्किंगमधे त्यांच्या शेजाऱ्यांच्या गाड्यांना जागा नव्हती, त्यावरनं एक कुरकुर झालीच. मावशी काही बोलल्या नाहीत, पण काका रोज संध्याकाळी पार्किंगमधे एक चक्कर मारून फ्रिजकडं बघून वर जायचे. ते एवढं बोलकं असायचं की आमचे हे त्या वेळेला बाहेर फिरायला जायला लागले.

आणि मामा कुणाला आधी घेतात हे पण मी बघितलं, जो जास्त पैसे देतो त्याला नाही, घर धुऊन झालंय त्याला. "घर धुतलंय का? भिंत कोरडी झालीय का?" असं विचारतात. ओली भिंत असताना प्लायवूडचं कपाट टेकवलं की महिन्यात फुगतं, खालची पट्टी सुटते, हे 2019 नंतर गल्लीतल्या निम्म्या घरांनी अनुभवलंय. गाळ ओला असतानाच खराट्यानं ओढून काढायचा, वाळला की खरवडून पण निघत नाही, हे पण त्यांनीच सांगितलं. भाच्यानं तर काकूंची पुढची खोली धुऊन दिली, त्याचे पैसे घेतले का नाही मला माहिती नाही, काकू सांगत नाहीत.

नंबर इथं टाकत नाही, त्यांनी तसं सांगितलंय. स्टँडच्या बाजूला टेंपो उभे असतात तिथं विचारा, "गटार विचारणारे मामा" म्हटलं की कोणीही दाखवतं. फोन संध्याकाळी सातनंतर उचलत नाहीत, पुरात मात्र रात्री दोनला पण उचलतात. आणि एक तारा का कापला म्हणाल तर उतरवताना मिक्सरचं भांडं फुटलं, भाच्याच्या हातनं सुटलं. मामा म्हणाले भरून देतो, अजून दिलेलं नाही. छोटं, चटणीचं होतं.