दिवेआगरच्या खोलीचे 16,160 रुपये आणि 1 पैसा

लिहू की नको यातच बारा दिवस गेले. घरी फक्त आईला माहीत आहे, बाबांना अजून सांगितलेलं नाही. पण पावसाळ्यात स्वस्तात कोकण गाठणारे माझ्यासारखे खूप जण आहेत आणि मला फसवणाऱ्याचा फोन आजही लागतो, म्हणून लिहिते आहे.

मी ठाण्यात राहते, ऐरोलीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. जुलैमध्ये मैत्रीण आणि मी दिवेआगरला जायचं ठरवलं. पाठीवर एकेक सॅक, दोन रात्री, सगळा खर्च दोघींचा मिळून 5,000 च्या आत. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे पनवेलहून एसटी, म्हसळ्याला उतरून पुढे बोर्लीपंचतन. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून प्रवासाचा भार फारसा नव्हताच. खोलीचा दर तेवढा बसवायचा होता.

नकाशाच्या ॲपवर एक घरगुती निवास सापडलं. फोटो खरे, अंगण खरं, लोकांचे अभिप्रायही खरे. नंबर तेवढा खोटा. नकाशावर कोणीही ‘दुरुस्ती’ सुचवून असे नंबर बदलू शकतो हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. ध्यानात आलं नव्हतं ते वेगळंच. या लोकांना सीझन नकोच असतो. आषाढात बरीच घरं पाहुण्यांना बंद असतात, मालक भातलावणीच्या चिखलात. आपल्या घराच्या नावाखाली कोणाचा नंबर चिकटलाय हे बघायला कोणाला सवड आहे? गावात पाहुणा जात नाही, त्यामुळे बोंब मारणाराही कोणी नाही. वर ‘ऑफ सीझन आहे, अर्ध्या किमतीत देतो’ हे वाक्य त्या दिवसांत खोटं वाटतच नाही. शेवटचा अभिप्राय किती महिन्यांपूर्वीचा आहे ते आधी बघा. मी फक्त तारे बघितले.

गुरुवारी संध्याकाळी फोन केला. दर रात्रीला 1,200, पूर्ण पैसे आधी भरले तर दहा टक्के सूट. 2,160 भरले. बोलणारा हिंदीत बोलत होता, म्हणाला मॅनेजर आहे. तेही चाललं मला, हल्ली सगळीकडेच असतं. पण पुढे तो म्हणाला, ‘सी फेसिंग रूम दे रहा हूँ मॅडम, और ताजी सुरमई की थाली.’

इथे मी थांबायला हवं होतं. मी दिवेआगर पाहिलेलं आहे. सोन्याचा गणपती चोरीला गेला 2012 साली, त्याच्या आदल्या वर्षी बाबांबरोबर आम्ही सगळे गेलो होतो. तिथली घरं सुपारीच्या वाड्यांत, पुढे सुरूचं बन आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. त्या घराच्या फोटोत चारी बाजूंना पोफळी दिसत होत्या, त्याच्या खिडकीतून समुद्र दिसणार कुठून? आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते हे ठाण्याच्या मासळी बाजारात जाणाऱ्या कोणालाही माहीत असतं. बर्फातली सुरमई त्याने ताजी म्हणून सांगितली आणि मी ‘हो का, छान’ म्हटलं. हे आठवलं की अजून रात्री झोप उडते.

मग ‘रिफंडेबल डिपॉझिट’ म्हणून 3,500. भरले. लगेच तो म्हणाला, रक्कम 3,500.01 अशी टाकायची होती, तुम्ही नुसते 3,500 टाकलेत, सिस्टीममध्ये मॅच होत नाही, परत बरोबर टाका, आधीचे आपोआप येतील. मी दिवसभर रकमा जुळवण्याचंच काम करते. एका पैशाचा फरक मी रोज शोधते, आणि बहुधा म्हणूनच ते मला पटलं. 3,500.01 भरले. मग दोन्ही रकमा अडकल्या, त्या सोडवायला तेवढेच 7,000 ‘व्हेरिफाय’ करा. तेही भरले. चारही वेळा स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळंच येत होतं, त्या घराशी काही संबंध नसलेलं. पिन टाकण्याआधी ते नाव मोठ्याने वाचा. पैसे मिळवायला पिन लागत नाही, कधीच नाही.

मूर्ख म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, हे सगळं चाळीस मिनिटांत झालं. पहिले दोन व्यवहार ऐरोलीच्या स्टेशनवर आणि गाडीच्या गर्दीत, उरलेले ठाण्याला रिक्षाच्या रांगेत, एका हातात छत्री. फोन त्याने ठेवूच दिला नाही. समोरचा फोन ठेवू देत नसेल तर तुम्ही ठेवा.

त्या रात्री मी कोणालाच सांगितलं नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. ही माझी चूक, कबूल. तो फोन पहिल्या तासात करायचा असतो, लाज नंतर वाटून घ्या. ज्या खात्यात पैसे गेले त्यात 740 रुपये उरले होते, तेवढेच गोठवले गेले.

पण पुढे जे झालं त्यात माझी काय चूक? पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, ‘खोली रायगडात ना, मग तिकडे द्या तक्रार.’ असा गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते लिहिलेलं आहे. मी प्रिंट काढून नेली होती. त्यांनी ती हातातही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर आयटी कायद्याचा तपास पीआयच, म्हणजे पोलीस निरीक्षकच, करतात आणि पीआय साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी ऑनलाइन तक्रारीची पावती आहे ना, मग वेगळा गुन्हा कशाला? आणि तिन्ही दिवस कोणी ना कोणी म्हणालंच, ‘शिकलेल्या तुम्ही, असं कसं केलंत?’ तीन अर्धे दिवस रजा टाकून मी हे ऐकायला गेले होते का? रक्कम त्यांना लहान वाटते. माझ्या पगारातून ती जमवायला किती महिने लागतात हे त्यांनी विचारलं नाही.

बँकेत काउंटरवरून कॉल सेंटरला पाठवलं, कॉल सेंटरने शाखेत. शेवटी उत्तर आलं, पिन तुम्ही स्वतः टाकलात, जबाबदारी तुमची. बरं, पण ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाच्या कागदपत्रांवर उघडलं गेलं, याची जबाबदारी कोणाची? यावर सगळे गप्प. मी लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाणार. तोंडी काहीही सांगू नका, प्रत्येक कागदावर तारखेसह शिक्का घ्या.

एका जुन्या फोटोत त्या घराच्या पाटीवर दुसरा नंबर अर्धवट दिसत होता. मोठा करून करून वाचला आणि लावला. खऱ्या मालकीणबाई निघाल्या. ‘अगं बाई, आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोणालाच ठेवत नाही,’ म्हणाल्या. माझ्याआधी दोघांचे फोन त्यांना येऊन गेले होते. त्यांचा राग आला होता, तो त्यांचा आवाज ऐकल्यावर राहिला नाही. नकाशावरचं ते पान पुण्याच्या भाच्याने कधीतरी करून दिलं होतं, पासवर्ड त्यांना माहीत नाही. भाच्याला मी सगळं लिहून पाठवलं, त्याने ‘बघतो’ म्हटलं. मी स्वतः तो नंबर चुकीचा आहे असं चार वेळा कळवलंय.

आज सकाळी पुन्हा उघडून बघितलं. नंबर तोच आहे.