तीन मुठी, तीन नळ्या आणि माझे एक लाख दहा हजार

उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. सव्वीस वर्षं लेथवर उभा आहे. जॉबमधला शतांशाचा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही, म्हणून लोक काम देतात. असा मी एका संध्याकाळी लॉजच्या खोलीत, खिशात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) असून तो बाहेर न काढता, एका जुन्या म्हणवणाऱ्या रिव्हॉल्वरपायी एक लाख दहा हजार रुपये देऊन आलो. घरी कळू दिलं नाही. तीन महिने एक दोस्त आणि एक भाचा सोडून कुणालाच सांगितलं नाही.

कोल्हापूरला बंदुकीचं अप्रूप नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याच गावच्या, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पदक घेतलेला स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. पण मला नेमबाजीचा नाद नाही. मला नाद यंत्राचा. पोरवयात मॅटिनीला काउबॉयचे पिक्चर बघायचो तेव्हा पोरं घोड्यावरच्या हिरोकडं बघायची आणि मी त्याच्या कमरेकडं. पुढं धंद्यात पडल्यावर कळलं की सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर किती साधं आणि किती शहाणपणानं केलेलं मशीन आहे.

हे थोडं सांगावं लागेल, कारण फसलो ते इथंच. नेहमीच्या, म्हणजे डबल ॲक्शन रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढला की घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी मागची हातोडी, आपोआप मागं जाऊन पडतो. सिंगल ॲक्शनमध्ये घोडा दर वेळी अंगठ्यानं ओढायचा, ओढताना गोळ्यांचं सिलिंडर एक घर पुढं सरकतं, आणि चापाचं काम फक्त घोडा सोडायचं. म्हणून सगळा खेळ मुठीवर. कोल्ट या अमेरिकी कंपनीनं १८७३ साली तिथल्या लष्करासाठी जे काढलं त्याची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी आहे. बार उडाला की ती तळव्यात वर फिरते, धक्का मनगटावर सरळ येत नाही आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो. दुसरी बिस्ले मूठ, इंग्लंडमधल्या नेमबाजीच्या मैदानाचं नाव लावलेली. ती लांब, जास्त वाकडी, मागून उंच, घोड्याची अंगठा टेकवायची शेपटी रुंद आणि खाली. निशाणा धरून मारणाऱ्यासाठी केलेली. तिसरी पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल, आखूड. कपड्यात अडकू नये म्हणून.

नळीचंही तसंच. साडेसात इंची घोडदळाची, साडेपाच इंची तोफखान्याची म्हणतात ती, आणि पावणेपाच इंची साध्या माणसाची. लांब नळीला नेम धरायच्या पुढच्या माशीपासून (नळीच्या टोकावरच्या उंचवट्यापासून) मागच्या खाचेपर्यंतचं अंतर जास्त, त्यामुळं नेम धरताना होणारी चूक कमी. आखूड नळी म्यानातून झटकन निघते. साडेपाचवाल्यांत बऱ्याच तर साडेसातच्याच, १८९० नंतर सरकारनं कापून घेतलेल्या.

एवढं सगळं मला पाठ होतं. जुन्या बाजारात घड्याळं आणि ग्रामोफोन विकणाऱ्या एका ओळखीच्याजवळ मी हे बोललो, आणि पंधरा दिवसांनी एका अनोळख्याचा फोन आला. माणूस पन्नाशीचा, बोलायला गोड, बेळगावकडचा हेल. मला पहिल्या वाक्यापासून "मालक". म्हणाला, एका जुन्या सरदार घराण्यातला माल आहे, वाटण्या चालल्यात, नाव विचारू नका.

बसस्थानकामागच्या लॉजमध्ये गेलो. खोलीत एकच पिवळा बल्ब. लाल मखमलीवर तीन रिव्हॉल्वर. एक साडेसात इंची रुमण्याच्या मुठीचं. एक साडेपाच इंची बिस्ले. एक पावणेपाच इंची गोल मुठीचं, मुठीवर पांढऱ्या पट्ट्या, म्हणे हस्तिदंत.

"मालक, तीन्ही देणार न्हाई. तुमच्या हाताला कुठलं बसतंय ते बघा. वस्तू मानसाला निवडती." आणि पुढं हळूच, "मुठीलाच धरा बरं, नळीला घामाचा हात लागला की गंज चढतो."

आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या माणसानं मला माल विकलाच नाही. त्यानं मला निवड करायला लावली. यातलं कुठलं, हा प्रश्न डोक्यात शिरला आणि हे खरं आहे का, घ्यावं का, हे दोन प्रश्न दाराबाहेर राहिले. अर्धा तास मी तीन मुठी हातात धरून बघत होतो, अंगठा घोड्यावर पोचतो का, करंगळी खाली लटकते का, आणि तो माझं कौतुक करत होता. "तुम्हाला कळतंय म्हणून दाखवतोय, न्हाईतर मुंबैचा गिऱ्हाईक बसलाय." माझंच ज्ञान मला चढ्या भावानं विकलं त्यानं.

परवान्याचं विचारलं. "शंभर वर्षांवरचं आहे, आतून बंद केलंय, शोपीस. कागद लागत न्हाई." मला तेच ऐकायचं होतं.

घोडा ओढून बघितला. जुन्या कोल्टचा घोडा ओढताना चार वेळा कट्ट वाजतो, हे मला माहीत होतं. इथं दोनदाच वाजलं. मी मनाशी म्हटलं, स्प्रिंग दमली असेल. दीडशे वर्षांची वस्तू! स्वतःला पटवायला माणसाला किती कमी लागतं बघा.

गोल मुठीचं घेतलं. पंच्याण्णव हजार आणि हस्तिदंताचे वरचे पंधरा. सगळे रोख.

आठ दिवस कपाटात ठेवून रात्री बघायचो. मग एका रविवारी शॉप बंद असताना नळी सरळ आहे का बघावं म्हणून टेबलावर घेतलं आणि डायलचा (माप दाखवणाऱ्या तबकडीचा) मॅग्नेटिक, म्हणजे बुडाला चुंबक असलेला स्टँड नळीवर टेकवला. स्टँड घसरून खाली पडला. परत लावला. परत पडला. स्क्रूला चिकटला, आतल्या स्प्रिंगला चिकटला. नळीला, सिलिंडरला, सांगाड्याला, कुठंच नाही.

मूठ खोलली आणि आतल्या बाजूला कानस मारली. लोण्यासारखी गेली. खाली करडी चमक. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, वरून काळं केलेलं, ब्रँडचा शिक्का घासून काढलेला. परदेशात भिंतीवर टांगायला असली बिनकामाची नक्कल काही हजारात मिळते. वजनानं मी फसलो, कारण जस्त लोखंडापेक्षा फार हलकं नसतं आणि नळी आतून भरीव होती. हस्तिदंताला गरम सुई लावली, प्लॅस्टिकचा वास आला. शिरोलीत फाउंड्री असलेल्या दोस्ताला दाखवलं तर तो हातात घेऊन म्हणाला, "मर्दा, आमच्याकडं भंगार घेताना पोरगंबी चुंबक लावतंय."

मग जे आधी आठवायला पाहिजे होतं ते एकेक आठवायला लागलं. १८७३ च्या कोल्टला कारखान्यातून गोल मूठ यायचीच नाही. ती आली १८७७ च्या मॉडेलला, आणि ते डबल ॲक्शन. सिंगल ॲक्शनला गोल मूठ हे अलीकडच्या कंपन्यांचं काम. पावणेपाच इंची नळीवर कोल्टचा पत्ता दोन ओळींत असतो, कारण एका ओळीत मावत नाही. माझ्या नळीवर एकच ओळ, तीही तोंडाकडं सरकलेली, म्हणजे नक्कल करणाऱ्याला लांब नळीचीच अक्कल होती. आणि बिस्ले? गृहस्थ म्हणाला होता, तीन्ही शाहू महाराजांच्या आधीच्या काळातली. बिस्ले बाजारात आलं १८९४ ला, ज्या साली महाराज गादीवर आले त्याच साली.

पोलिसात का गेलो नाही? भाचा वकील आहे, त्याच्याकडं गेलो. त्यानं चहा मागवला आणि मग धुतलं. "मामा, ते खोटं निघालं हे तुमचं नशीब." १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. नुसतं शंभर वर्षांचं म्हणून सूट नाही. खरं कोल्ट निघालं असतं, नळीतलं बूच ड्रिलनं निघण्यासारखं असतं, तर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याचा गुन्हा माझ्यावर. हस्तिदंत खरं निघालं असतं तर वन्यजीव कायदा वेगळा. आणि शंभर वर्षांवरची पुरावस्तू विकायला विकणाऱ्याकडं परवाना लागतो, तो मी मागितला होता का? नव्हता.

या माणसाचा धंदा यावरच चालतो. फसलेल्याला तक्रार करायची तर आधी सांगावं लागतं, की साहेब, मी कागदाशिवाय रिव्हॉल्वर विकत घेत होतो. कोण सांगणार? मीही सांगितलं नाही. ती वस्तू रंगाच्या डब्यामागं लपवून ठेवली आणि गप्प बसलो.

गेल्या महिन्यात इचलकरंजीला एका लग्नात जुना मित्र भेटला. यंत्रमागवाला माणूस, शिकारीच्या जुन्या फोटोंचा शौकीन. जेवताना कानाशी येऊन म्हणाला, "एक वस्तू मिळालीय. सरदार घराण्यातली. तीन होत्या, मी बिस्ले घेतली. हाताला तीच बसली."

पुढच्या रविवारी मॅग्नेटिक स्टँड पिशवीत घालून त्याच्याकडं गेलो. त्यानं दार आतून लावलं, लाल मखमल सोडली. मी काही न बोलता स्टँड नळीला लावला आणि हात सोडला. त्याच्या बायकोनं बाहेरून विचारलं, काय पडलं म्हणून.

सोमवारी आम्ही दोघं भाच्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, जे घडलं ते सगळं लिहून दिलं, आमच्या चुकीसकट. फौजदारांनी माझं रिव्हॉल्वर उचललं, घोडा ओढला आणि विचारलं, "तिसरं कुणाकडं आहे?"

साडेसात इंची, रुमण्याच्या मुठीचं. ज्याच्याकडं असेल त्यानं एक चुंबक लावून बघावा आणि आमच्या तक्रारीत तिसरं नाव घालावं.