अंगावर पाजताना ग्लास हातात घ्यायचा की नाही?

गोव्यात मार्च लागला की काजूच्या दारूच्या भट्ट्या पेटतात. मग लग्नं, सांजांव (जूनमधला सेंट जॉनचा सण), चतुर्थीनंतरच्या भेटीगाठी, नाताळ. दूध पाजणाऱ्या बाईला कोणीतरी "घे गो एक, काय होत नाही" म्हणतं आणि सासू नाहीतर आई डोळे वटारते. दोघींनाही आपलंच खरं वाटतं. मधे उभ्या असलेल्या बाईपुढे प्रत्यक्षात चार वाटा असतात: अजिबात न घेणं, एखादा ग्लास घेऊन थांबणं, आधीच दूध काढून ठेवणं, किंवा पिऊन झाल्यावर दूध काढून फेकणं.

शेवटची वाट आधीच बाजूला काढते, कारण तिच्यावर भरवसा फार आणि ती चालत मात्र नाही. अल्कोहोल दुधात साठून राहत नाही. रक्तात जेवढं, जवळपास तेवढंच दुधात; रक्तातलं उतरलं की दुधातलंही उतरतं. त्यामुळे तासाभरानं दूध पिळून ओतून दिलं, तरी नवं उतरणारं दूध त्याच रक्तातून येतं. छाती दाटून दुखायला लागली तर थोडं काढून टाकावं, गाठी होऊ देऊ नयेत. पण त्यानं दूध लवकर 'शुद्ध' होत नाही. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्यानं आंघोळ यांनीही होत नाही. काम फक्त वेळ करतो.

किती वेळ, हे किती घेतली त्यावर ठरतं, आणि गोव्यात घोळ होतो तो इथंच. हिशेबाचं एक माप म्हणजे साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या बिअरची ३३० मिलीची छोटी बाटली जवळपास एक माप. ६५० मिलीची मोठी बाटली मात्र दोन मापांना थोडीच कमी, आणि स्ट्राँग असेल तर दोनाच्या वर. फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४५ मिलीतच एक माप भरतं, आणि आपला पेग ६० मिलीचा. घरी ओतणारा अंदाजानं ओततो, तो तर त्याहून मोठा. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या वाफेची दारू, साधारण १५ टक्क्यांचा, १२० मिलीत एक माप. हुर्राकाला सगळे हलका समजतात, पण माझ्या मते फसवतो तो हाच. उंच ग्लासात अर्ध्याला हुर्राक, वर लिंबू सोडा, चिमूटभर मीठ, चिरलेली हिरवी मिरची. सरबतासारखा घशाखाली उतरतो आणि दुसरा ग्लास कधी भरला ते कळत नाही.

एका मापाचं अल्कोहोल दुधातून जायला २ ते ३ तास लागतात, दोन मापांना ४ ते ५, तिनांना ६ ते ८. बाईचं वजन कमी असेल तर आणखी. सगळ्यात जास्त प्रमाण घेतल्यावर अर्ध्या ते एक तासानं असतं, जेवणासोबत घेतलं तर थोडं उशिरा. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं म्हणणं असं की न घेणं सर्वांत सुरक्षित. दिवसाला एका मापापर्यंत बाळाला अपाय होतो असं दिसलेलं नाही, पण पाजण्याआधी किमान दोन तास जाऊ द्यावेत.

आता पहिल्या दोन वाटा शेजारी ठेवून बघा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. तान्ह्याचं यकृत अल्कोहोल मोठ्यांच्या निम्म्या वेगानं काढतं, आणि बाळ दर दोन तासांनी, कधी त्याआधीच रडत उठतं. थांबायचं म्हणाल तर थांबायला जागाच नाही. सहा महिन्यांपुढचं, पेज-तिझन (नाचणीची खीर) खाणारं, रात्री सलग झोपणारं बाळ असेल तर गोष्ट वेगळी. पोटभर पाजून झाल्या झाल्या, जेवणासोबत एकच माप, आणि पुढचं पाजणं तीन तासांनी, असं जमू शकतं. रोज नव्हे, एखाद्या प्रसंगाला.

"बिअरनं दूध वाढतं" हे ऐकून कोणी घेणार असेल तर तिनं हे जरूर वाचावं. बिअरमधल्या जवामुळे दूध बनवणारं संप्रेरक वाढतं असं म्हणतात, पण अल्कोहोल पान्हा फुटू देत नाही. आईनं दारू घेतल्यानंतरच्या तीन-चार तासांत बाळाला नेहमीपेक्षा सुमारे २० टक्के कमी दूध मिळतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. दूध आतच राहतं, छाती भरल्यासारखी वाटते, आणि बाईला वाटतं वाढलं! बाळ मात्र चिडचिडं, तुकड्यातुकड्यांत झोपणारं. वारंवार पाजलं आणि छाती रिकामी झाली की दूध वाढतं. नाचण्याचं तिझन, अळिवाची खीर आईच्या अंगाला लागतात, म्हणून खावीतच.

घरातल्या ज्येष्ठांसाठीही एक सांगते. ज्या घरात बिअरचं नाव काढलं तर भांडण होतं, तिथंच बाळंतिणीला दशमूलारिष्ट हे आयुर्वेदिक औषध दोन वेळ दिलं जातं. आसव-अरिष्टांत आंबण्यानं आपोआप अल्कोहोल तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. बाटलीवर लिहिलेलं असतं. चार चमचे घेतले तर एक-दीड ग्रॅमच होतं, घाबरण्यासारखं नाही. पण वैद्यानं सांगितलेल्या मापाबाहेर ओतू नये आणि पाजून झाल्यावर घ्यावं.

लग्नाची संध्याकाळ लांबणार असेल तर तिसरी वाट बरी: आदल्या दिवसापासून थोडं थोडं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाहेर चार तास टिकतं ते २५ अंशांपर्यंत; आपल्या मे महिन्यात तो हिशेब धरू नका, काढलं की लगेच आत. वीज बराच वेळ गेली असेल तर ते दूध वापरू नका. गरम पाण्यात भांडं धरून कोमट करा, गॅसवर नको, आणि सांभाळणाऱ्याला वाटी-चमच्यानं पाजायला आधीच शिकवून ठेवा.

मला दुधापेक्षा जास्त भीती वाटते ती रात्रीची. आपल्याकडे बाळ आईच्याच कुशीत झोपतं. आईनं किंवा बाबानं दारू घेतली असेल त्या रात्री बाळ त्यांच्या अंथरुणात नको, सोफ्यावर कुशीत घेऊन डुलकी तर मुळीच नको. अशा झोपेत बाळ गुदमरण्याचा धोका खरा आहे. त्या रात्री न प्यालेलं एक तरी माणूस बाळाजवळ हवं.

आणि चुकून एखादा ग्लास घेऊन लगेच पाजलं गेलं असेल, तर रडत बसू नका. एका मापानंतर दुधातलं प्रमाण साध्या बिअरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच असतं. पुढच्या वेळी थोडं थांबा. पण जास्त प्यायल्यावर पाजलं असेल आणि बाळ सुस्त पडलं, ओढत नसेल, उठवूनही उठत नसेल, तर काय घेतलं आणि किती हे न लपवता डॉक्टरांना तेव्हाच दाखवा.