क्रूझर की स्पोर्ट्स बाइक: रेक, ट्रेल आणि व्हीलबेस यांच्या नजरेतून

बजाज अ‍ॅव्हेंजर 220 ही क्रूझर आणि यामाहा आर 15 ही स्पोर्ट्स बाइक यांत निवड करताना बहुतेक जण ताकद आणि मायलेज पाहतात. परंतु गाडी हाताला कशी लागेल, हे बऱ्याच अंशी पुढच्या चाकाच्या मांडणीवर ठरते.

हँडल ज्या अक्षाभोवती फिरते, तो उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, तो कोन म्हणजे रेक. हाच अक्ष खाली वाढवला, तर चाक टेकते त्या जागेच्या थोडा पुढे तो जमिनीला भेटतो, आणि या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. चाक अक्षाच्या मागून ओढले जात असल्यामुळे ते आपोआप सरळ होऊ पाहते. चाकाची त्रिज्या 300 मिमी आणि फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांचा) ऑफसेट, म्हणजे चाकाचा मध्य हँडलच्या अक्षापासून जितका पुढे असतो ते अंतर, 30 मिमी धरला, तर 24 अंशांच्या रेकला ट्रेल सुमारे 101 मिमी येतो, तर 30 अंशांना तो जवळजवळ 139 मिमी होतो.

अ‍ॅव्हेंजरचा फोर्क अधिक कललेला आणि व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या मध्यांमधले अंतर, 1490 मिमी आहे. आर 15 चा फोर्क अधिक उभा आणि व्हीलबेस 1325 मिमी आहे. त्यामुळे सरळ महामार्गावर अ‍ॅव्हेंजर शांतपणे आपली रेषा धरते. मात्र तीच गाडी रहदारीत अगदी हळू वळवताना हँडल आतल्या बाजूला पडू लागते, कारण चाक वळताच गाडीचा पुढचा भाग किंचित खाली उतरतो आणि वजन त्याला आणखी वळवते. ताम्हिणीसारख्या घाटात, जिथे एका वळणातून लगेच दुसऱ्यात गाडी कलवावी लागते, तिथे आर 15 कमी श्रमात वळते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही कागदावरचे आकडे चालत्या गाडीत स्थिर राहत नाहीत. ब्रेक दाबताच फोर्क दबून रेक आणि ट्रेल घटतात; मागे माणूस आणि सामान बसले, की मागची बाजू खाली जाऊन दोन्ही वाढतात, आणि पुढच्या चाकावरचा भार तुलनेने कमी होतो. जास्त ट्रेल म्हणजे हमखास स्थैर्य, असेही नाही. टायर, चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) ताठपणा आणि वजनाची वाटणी यांवरही ते अवलंबून असते. रोज शहरातून आणि सुटीला घाटात जाणाऱ्याने आर 15 घ्यावी, लांब सरळ प्रवास करणाऱ्याने अ‍ॅव्हेंजर. पण टेस्ट राइड घेताना जोडीदाराला मागे बसवून, एका अरुंद गल्लीत पूर्ण वळण घेऊन पाहावे.