वजन न विचारता घेतलेली भट्टी

आमच्या गोठ्यामागे सध्या दोनशे लिटरचं एक भांडं पालथं पडलंय. तळ फुगलेला, आतून काळवंडलेलं. कोंबड्या त्याच्यावर बसतात. या भांड्याला, त्याच्या टोपीला आणि सोबत आलेल्या, वाफ थंड करायच्या गारव्याच्या टाकीला मिळून मी 3 लाख 40 हजार रुपये मोजले. माझ्यासारखे आणखी चारपाच जण फेणीची भट्टी मोठी करायच्या विचारात असतील, म्हणून लाज गिळून सगळं लिहितोय.

आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले. बागायत काजूची, आणि घरात दोन पिढ्या भट्टी लागते, अबकारी खात्याच्या परवान्यानिशी. मी पुण्यात बारा वर्षं नोकरी केली आणि कंटाळून परत आलो. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला, पण आमच्या घरची फेणी मात्र अजून प्लास्टिकच्या कॅनमधूनच जात होती. माझ्या डोक्यात चांगली काचेची बाटली, चांगलं लेबल आणि थोडीच पण एकसारख्या चवीची फेणी होती. त्यासाठी बाबांचं साठ-पासष्ट लिटरचं जुनं भान, म्हणजे रस उकळायचं भांडं, पुरणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या भट्टीची थोडी लाजही वाटायची. सांध्याला चिखल लावलेला, चिंध्या गुंडाळलेल्या, लावणीवर, म्हणजे दारू जमा होते त्या मडक्यावर, तांब्याने पाणी ओतत बसायचं. पाहुण्यांना काय दाखवायचं?

व्हिडिओत एक गाळा दिसला. कुठल्याशा एमआयडीसीतला. लखलखीत तांब्याच्या भट्ट्या रांगेत मांडलेल्या. फोन केला तर माणूस मराठीच निघाला, आणि गोड बोलणारा. आता वाटतं, तो खोटं बोलला असता तर मी सावध झालो असतो. तांब्याबद्दल तो जे बोलला ते सगळं खरं होतं. रस आंबताना गंधकाचे वास तयार होतात, तांबं ते धरून ठेवतं. नुसत्या स्टीलमध्ये काढलेल्या दारूला सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. म्हणून भान, टोपी आणि वाफेची नळी तांब्याचीच हवी. हे सगळं त्याने मला इतकं नीट समजावलं की मी त्याला मनातल्या मनात गुरू करून टाकलं. "दादा, 99.9 टक्के शुद्ध तांबं, 2 मिलिमीटर जाड पत्रा. तुमच्या नातवापर्यंत चालेल."

ऑर्डर द्यायच्या आदल्या रात्री बाबांना फोटो दाखवला. ते बघत राहिले आणि एवढंच विचारलं, "वजन किती भरतं?"

मी म्हणालो, "बाबा, हे किलोवर विकत नाहीत. मशीन आहे ते."

ते काही बोलले नाहीत. जेवायला उठले.

साठ टक्के आगाऊ भरले, म्हणजे 2 लाख 4 हजार. माल 10 मार्चला पोचणार होता. काजूचा हंगाम म्हणजे मार्च ते मे; पहिला पाऊस पडला की संपलं. 10 मार्चला फोन केला तर भट्टी पॉलिशला गेली होती. मग कारागीर गावी गेला. मग वाहतुकीवाल्याचं भांडण. इकडे बोंडू (काजूची फळं) पडत होते, आणि पडलेला बोंडू वाट बघत नाही. तो त्याच दिवशी तुडवायचा, रस काढायचा. आम्ही वरून खमीर घालत नाही, रस आपसूक आंबतो आणि साधारण तीन दिवसांत भट्टीला चढवावाच लागतो. उशीर झाला की शिरका, म्हणजे व्हिनेगर. मी मोठ्या भट्टीच्या भरवशावर शेजारच्या दोन बागांचेही बोंडू घेऊन ठेवले होते. बाबा जुन्या भानावर रात्रंदिवस हुर्राक, म्हणजे पहिल्या उकळीची हलकी दारू, काढत होते तरी चार पिंपं आंबून गेली.

हे सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. मीच त्याला कौतुकाने सांगितलं होतं, आमचा हंगाम कसा असतो ते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. भट्टी तयार आहे, पण उरलेले पैसे आधी टाका, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. ठरलं होतं ते माल बघून उरलेले पैसे द्यायचं. मी भरले. त्या दिवशी त्याने अजून दहा हजार मागितले असते तर तेही दिले असते, अशी माझी अवस्था होती.

19 एप्रिलला टेम्पो आला. दोघा पोरांनी भांडं सहज उचलून अंगणात ठेवलं. मी फणसाखाली उभं करून फोटो काढला, शेजारी बाबांना उभं केलं आणि फोटो त्यालाच पाठवला, "एकदम मस्त!" असं लिहून.

पहिली भट्टी दुसऱ्या दिवशी लावली. लाकडाचा जाळ, जसा आम्ही नेहमी करतो. अर्ध्या तासात तळातून करपल्याचा वास. पातळ पत्र्याला लाकडाचा जाळ एका ठिकाणी चाटतो आणि रसातला चोथा तिथेच जळतो. मग टाकीच्या तोंडातून धार यायच्या ऐवजी फुसफुस सुरू झाली. वाफ थिजतच नव्हती. आत आठ वेढ्यांची तांब्याची नळी आहे असं सांगितलेलं. टाकी वरून झाळून बंद, त्यामुळे मोजायची सोय नाही. शिवाय पाणी आत घ्यायचं तोंड वरती आणि बाहेर सोडायचं खालती. कुठल्याही गारव्याच्या टाकीत थंड पाणी खालून येतं आणि तापलेलं वरून जातं. इथे उलटं. विहिरीचं पाणी सोडलेलं असूनही टाकी दहा मिनिटांत हात लावू नये इतकी तापली, आणि दारूची वाफ उघड्या जाळापासून चार हातांवर मोकळी सुटलेली.

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कळशी उचलली आणि थेट जाळावर ओतली. त्या वेळी मला फक्त लाकडांचा धूर दिसला. काय टळलं ते रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

त्या रात्रीच चिखलाचंही कोडं उलगडलं. नव्या भट्टीला सगळीकडे आवळपट्ट्या आणि काळं रबर, वाफ सुटायला वाटच नाही. टोपीत चोथा अडकून नळी तुंबली असती तर दाब भांड्याने सोसायचा. बाबांच्या भट्टीत दाब वाढला की चिखलाचा सांधा आधी सुटतो. आवाज होतो, थोडी वाफ जाते, माणूस जाळ ओढतो. मी ज्याला गबाळेपणा समजत होतो ती सुरक्षेची झडप होती. आणि ते काळं रबर? दारूच्या वाफेने तेवढ्यातच फुगलं आणि जी काही शेरभर दारू हाती आली तिला सायकलच्या ट्यूबचा वास. अशा ठिकाणी खाण्यापिण्यासाठीचं सिलिकॉन लागतं, हे मला नंतर कळलं.

शेवटी बाबांचा प्रश्न आठवला. वाळपईला भंगारवाल्याच्या काट्यावर नुसतं भान चढवलं. 18 किलो. त्या रात्री पहिल्यांदा हिशेब मांडला, जो ऑर्डर देण्याआधी दहा मिनिटांत झाला असता. भांड्याचा व्यास 65 सेंटिमीटर, उंची 60. घेर, तळ आणि वरचा घुमट धरून पत्रा साधारण दोन चौरस मीटर. एक चौरस मीटरचा 1 मिलिमीटर जाड तांब्याचा पत्रा जवळपास 9 किलो भरतो. म्हणजे 2 मिलिमीटरचं भांडं 35 किलोच्या आसपास भरायला हवं. आमचं बरोबर अर्धं. तेव्हाच दोन पोरांनी ते इतकं हलकं कसं उचललं तेही ध्यानात आलं.

भंगारवाला हुशार. त्याने न विचारता गारव्याच्या नळीच्या तोंडाला लोहचुंबक लावलं. टक्कन चिकटलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही. कानशीने एक ओरखडा काढला तर आत पांढरा धातू. लोखंडी नळी, वरून तांब्याचा मुलामा. दारूला पिवळसर झाक कशाने आली होती त्याचं उत्तर मिळालं. टाकी फोडल्यावर वेढे निघाले पाच.

पण सगळ्यात भीती वाटली ती सांध्यांची. तांब्याच्या भट्टीचे सांधे चांदीमिश्रित झाळणाने जोडतात. ते वितळायला सहाशे अंशांच्या वर तापवावं लागतं, गॅसची ज्योत लागते. आमच्या टोपीचा सांधा रेडिओ दुरुस्तीच्या कावियाने वितळला. म्हणजे मऊ झाळण. त्यात शिसं आहे की नुसतं कथील ते डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून तुकडा तपासायला दिला. शिसं निघालं. बोंडूचा रस आंबट, त्यात गरम वाफ. शिसं दारूत उतरणार म्हणजे उतरणारच. ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1723 सालीच रमच्या भट्टीला शिशाच्या टोप्या आणि नळ्या लावायला बंदी घालणारा कायदा केला होता, कारण लोकांच्या पोटात मुरडे येत होते. तीनशे वर्षांपूर्वी बंद झालेली गोष्ट मी साडेतीन लाख देऊन घरी आणली. ती शेरभर दारू ओतून टाकली. ती प्यायला गावातले दोन जण तयार होते, हे वेगळं.

किरकोळ गोष्टीही सांगून टाकतो. टोपीवरचा तापमापक उकळत्या पाण्यात 93 दाखवत होता. सोबत दिलेला अल्कोहोलमीटर खरा होता, पण तो 20 अंश तापमानासाठी आखलेला असतो हे त्याने सांगितलं नाही. आमच्याकडे धार 32 अंशांवर पडली तर तो टक्केवारी चारेकने वाढवून दाखवतो. तुम्ही 45 समजून बाटलीत भरणार आणि तपासणीत 41 निघणार. बाबा आयुष्यभर धारेच्या बुडबुड्यांवरून ग्राव, म्हणजे दारूची तीव्रता, ओळखत आले. त्या मीटरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता पैशांचं. तो माणूस आधी "माणूस पाठवतो" म्हणाला, मग फोन उचलेना. बिल काढून बघितलं तर त्यावर "तांब्याचे शोभेचे भांडे, एक नग". जाडी नाही, वजन नाही, भट्टी हा शब्दही नाही. 99.9 आणि 2 मिलिमीटर हे सगळं फोनवर. सुदैवाने दोनतीन संदेशांत त्याने जाडी लिहिली होती, ते जपून ठेवले. वकिलांनी एक कामाची गोष्ट सांगितली. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असं लोक समजतात. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे, आणि तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगातही करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. तक्रार दाखल आहे. पोलिसांतही लेखी दिलंय. अजून काही हाती आलेलं नाही. माल पोचलाच नाही, नुसते पैसे गेले, असं कोणाचं झालं असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करायचा असतो, दुसऱ्या दिवशी नाही. मी तो केला नाही, कारण मला शेवटपर्यंत वाटत होतं की टेम्पो निघालाय.

त्याच्या व्हिडिओतल्या रांगेतल्या भट्ट्यांचे फोटो मी नंतर इंटरनेटवर शोधून पाहिले. पोर्तुगालमधल्या कारागिरांच्या होत्या. पोर्तुगीजांनी काजू आणला, आता फोटोही त्यांचेच आले.

पावसाळ्यात बाबांचं भान घेऊन पुण्याला गेलो. कसब्यातल्या तांबट आळीत. नोकरीच्या काळात तिथून रोज जायचो, मठारकामाचा ठोक ठोक आवाज ऐकून कटकट वाटायची. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने भान उलटं करून बोटाने वाजवलं, तळाला एका जागी अंगठा ठेवला आणि म्हणाला, "इथे झिजलंय, बाकी चाळीस वर्षं बघायला नको." मी त्यांना माझ्या खरेदीची हकिगत सांगितली. त्यांनी वजन विचारलं. मी सांगितल्यावर हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. मोठं भान करून द्याल का विचारलं तर आधी पत्रा आपल्यासमोर तोलायचा, मग ठोकायला घ्यायचा, मजुरी वेगळी, असा त्यांचा रिवाज. टोपी आणि नळी उघडता-धुता आली पाहिजे, बंद टाकी कोणाकडूनही घेऊ नका, हेही त्यांनीच सांगितलं. गणपतीनंतर काम सुरू करतील.

मागच्या आठवड्यात काणकोणहून एका मुलाचा फोन आला. तुमचा नंबर अमक्याकडून मिळाला, तुम्ही त्या गाळ्याची भट्टी वापरता ना, कशी आहे? मी विचारलं, तुला कोणी सांगितलं मी वापरतो म्हणून? त्याने जाहिरातीचा फोटो पाठवला. "गोव्यातील समाधानी ग्राहक." आमचं अंगण, आमचा फणस, चकचकीत तांबं आणि शेजारी बाबा, दोन्ही हात मागे बांधून, कॅमेऱ्याकडे न बघता भांड्याच्या तळाकडे बघत उभे.

त्याने पैसे अजून भरले नव्हते. उद्या भरणार होता.