गिरगावातली खोली: एकटी इमारत, क्लस्टर की पागडी विकून डोंबिवली?

चाळीच्या गॅलरीत टेबल मांडून बिल्डरचा माणूस पुनर्विकासाचा प्लॅन पसरतो, तेव्हा सगळ्यांची बोटं एकाच आकड्यावर जातात: कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, किती? दहा बाय सोळाच्या खोलीत तीन पिढ्या काढल्यावर दुसरं काय सुचणार! पण माझ्या मते तो आकडा शेवटी बघावा. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या भाडेकरूला विकास नियमावलीच्या ३३(७) खाली (एकट्या इमारतीचा पुनर्विकास) किमान ३०० चौरस फूट मिळतातच. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने मिळणारं जादा क्षेत्र, धरलं की ४०५. हे '४०५' कुणी खास आपल्यासाठी मिळवल्याच्या थाटात सांगत असेल, तर तो नियमातलंच वाचून दाखवतोय.

खरा प्रश्न असा, की आपल्या घराची चावी किती जणांच्या सहीवर अडणार आहे?

३३(७) मध्ये एक इमारत, फार तर शेजारच्या दोन-तीन. मालक, निम्म्याहून अधिक भाडेकरू आणि म्हाडाची एनओसी, एवढ्यावर गाडी पुढे सरकते. अडून बसणारा कोण आहे तेही सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या घरी जाऊन चहा घेता येतो. तोटा जागेचा. आपले प्लॉट चिंचोळे, त्यामुळे टॉवर काडीसारखा, मधल्या खोल्यांत दुपारीही दिवा लावायचा आणि गाड्या यंत्राने वर चढवायच्या. शिवाय असं छोटं काम घेणारा बिल्डर बहुधा छोटाच. विक्रीचे फ्लॅट अडकले की त्याचा हात आखडतो आणि पहिला फटका बांधकाम चालू असताना तो आपल्याला देतो त्या भाड्याच्या चेकला बसतो.

क्लस्टर, म्हणजे ३३(९) खाली अनेक इमारतींचा एकत्र पुनर्विकास, कागदावर सरस आहे यात वाद नाही. शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर जमीन, ४ एफएसआय (जमिनीच्या चौपट बांधकाम), रुंद रस्ते, मोकळी जागा आणि क्लस्टर जितकं मोठं तितकं भाडेकरूला वाढीव क्षेत्र. दाखला म्हणून भेंडी बाजार सांगतात. सांगावाच, पण पुरता सांगावा. साडेसोळा एकर, सुमारे २५० इमारती, ३,२०० च्या आसपास कुटुंबं. हे काम करणारा ट्रस्ट २००९ चा, आणि पहिल्या टॉवरच्या चाव्या २०२० मध्ये. तेही एका समाजाचा ट्रस्ट पाठीशी असताना. याच योजनेतली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली आणि ३३ माणसं गेली. आपल्या गल्लीत तर पाच मालक, त्यातला एक परदेशात, एक देवस्थान आणि लघुवाद न्यायालयात पडून असलेला एक दावा. अशा ठिकाणी 'चार वर्षांत ताबा' म्हणणाऱ्याचं मला फक्त कौतुक वाटतं.

तिसरी वाट पागडी, म्हणजे खोलीवरचा भाडेकरूचा हक्क, विकून निघण्याची. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव-काळबादेवीखालून पूर्ण मार्गावर धावू लागली, त्यामुळे दलाल जरा जास्तच गोड बोलतात. वाढलेला भाव मालकी हक्काच्या फ्लॅटचा आहे, आपल्या भाडेपावतीचा नव्हे. पागडी हस्तांतरात मालकाला साधारण तिसरा हिस्सा द्यायचा रिवाज, वर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने असा प्रीमियम घेणं वैधही केलेलं. तो वजा करून उरतात त्या पैशांत डोंबिवलीत घर येईल, आणि दहा वर्षांनी वाढीव किंमत आपली खोली घेणाऱ्याच्या खिशात जाईल. तरीही भावाभावांत वाटणी अडली असेल तर विकावं. ४०५ फुटांच्या मधोमध भिंत घालता येत नाही.

भाड्याचं मात्र नीट समजून घ्या. संक्रमण काळात मिळणाऱ्या रकमेत गिरगावात भाड्याने घर मिळत नाही, म्हणजे काही वर्षं का होईना डोंबिवली किंवा विरार आहेच. आई ऐंशीची असेल तर हा हिशेब पैशांचा राहत नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ मध्ये करार केला आणि दहा वर्षं उलटली तरी ती घराबाहेरच होती. म्हणून पुढच्या तारखांच्या चेकवर भागवू नका, बँक गॅरंटी मागा आणि पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत झाल्याशिवाय खोलीची किल्ली देऊ नका.

मेंटेनन्सचंही आताच विचारा. फुटाला ७ रुपये धरले तरी ४०५ चे महिन्याला २,८३५. आजवरच्या भाड्याची पावती शेजारी ठेवून बघा.

मी काय करीन? इमारतीला टेकू लागले असतील तर ३३(७), दुसरा विचार नाही. ती अजून दहा वर्षं तगेल असा स्ट्रक्चरल ऑडिटचा निर्वाळा असेल, तरच क्लस्टरवाल्याला बसायला खुर्ची देईन. आणि पहिल्याच बैठकीत त्याच्याकडे मालमत्ता पत्रकं मागेन: या चार हजार मीटरांपैकी आज तुमच्या नावावर किती?